रुग्णाच्या घरात पाऊल टाकताना

दवाखान्यात खाट दवाखान्याची असते, वेळ दवाखान्याची असते आणि नातेवाइकांनी कधी भेटायला यायचं हेही दवाखानाच ठरवतो. घरभेटीत हे सगळं उलटं होतं. बाज त्यांची, पाणी त्यांचं, आणि दार उघडायचं की नाही हेही तेच ठरवणार. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत रोज कितीतरी जणी असं दार वाजवतात: उपकेंद्राच्या आरोग्यसेविका, आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि शहरांत खासगी संस्थांकडून जाणाऱ्या परिचारिका. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आपण एका घरात फार तर अर्धा-पाऊण तास असतो. उरलेला दिवस आणि सगळी रात्र उपचार घरच करतं. कूस बदलणं, वेळेवर गोळी देणं, जखम कोरडी ठेवणं, बाळाला अंगाशी धरणं ही कामं घरातले हात करतात. त्या माणसांना आपला भरवसा वाटला नाही, तर ती तोंडावर ‘हो बाई’ म्हणतील आणि आपली पाठ वळली की त्यांना पटेल तसं करतील. म्हणून घराचा मान राखणं हे उपचाराचंच काम आहे. ते नीट कसं करायचं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

निघण्याआधी

मराठवाड्यातलं बहुतेक घर शेताच्या घड्याळावर चालतं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी सुरू झाली की दिवसा घरात म्हातारी माणसं आणि लहान लेकरंच सापडतात. त्यामागोमाग कापूस वेचणी येते. मुखेड, कंधार, लोहा भागातल्या तांड्या-वस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मागे राहिलेल्या आजी-आजोबांची मधुमेहाची गोळी कोण देतं, हा प्रश्न तेव्हाच विचारायचा असतो. दुपारी बारा वाजता जाऊन वहीत ‘घर बंद’ असा शेरा मारणं सोपं आहे, पण त्यानं कुणाचीही काळजी घेतली जात नाही. आदल्या दिवशी फोन करा. फोन नसेल तर शेजारी निरोप ठेवा. ‘उद्या किती वाजता आलं तर तुम्हाला सोयीचं?’ एवढा प्रश्न विचारला की त्या घराशी आपलं नातं बरोबर जागी सुरू होतं. आणि सांगितलेल्या वेळी जाणं जमणार नसेल तर तेही कळवा. आपल्यासाठी शेतावर न गेलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

भाषेची तयारीही निघण्याआधीच करावी लागते. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात घरात तेलुगू ऐकू येते. उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नड बोलणारी घरं आहेत. तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी उर्दू, आणि नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबीही. सगळ्या भाषा येणं शक्य नाही. पण ‘कुठं दुखतं?’, ‘झोप लागली का?’, ‘हात लावू का?’ ही तीन वाक्यं त्या त्या भाषेत शिकून घेता येतात. दुभाषी लागलाच तर घरातलं शाळकरी लेकरू वापरू नका. आईच्या अंगावरून जाण्याबद्दल किंवा वडिलांच्या लघवीच्या नळीबद्दल मुलाच्या तोंडून विचारणं त्या दोघांनाही जड जातं आणि उत्तर अर्धवट मिळतं. त्यापेक्षा शेजारची जाणती बाई, रुग्णाला विचारून, बोलवा.

उंबऱ्यावर

दार उघडं असलं तरी बाहेर थांबा. हाक मारा, नाव सांगा, कुठून आलात ते सांगा आणि ‘आत येऊ का?’ असं विचारा. ‘या की बाई’ ऐकू आलं की मगच पाऊल उचला. जुन्या वाड्यात ढाळजेत थांबण्याची रीत आहे, पत्र्याच्या घरात अंगणात. चपला बाहेर काढा. जखमेचं काम असेल आणि पायात काही हवंच असेल, तर पिशवीत घरात घालायच्या धुतलेल्या स्लीपर ठेवा आणि त्या का घालताय ते सांगा.

आजाराचं नाव उंबऱ्यावर उच्चारू नका. ‘टीबीचा पेशंट इथंच राहतो ना?’ असं गल्लीत विचारलं की आपण पुढच्या घरी पोचण्याआधी ती बातमी चार घरं फिरून येते. त्या घरातल्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याचे परिणाम जातात. क्षयरोग, कुष्ठरोग, एचआयव्ही, मानसिक आजार या भेटींत नुसतं माणसाचं नाव घेऊन विचारा. मास्क लावायचा तर आत गेल्यावर लावा आणि कारण सांगा. दारातच तोंड बांधून उभं राहिलं की शेजाऱ्यांना न बोलता सगळं कळतं.

कुणाशी कसं बोलायचं याची रीत प्रत्येक घरात ठरलेली असते. रुग्ण वयानं लहान असला तरी पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ म्हणा. आजी, आबा, मावशी, काका, वहिनी, खाला, चाचा यांतली कोणती हाक चालेल ते घरच्यांच्या बोलण्यावरून लगेच कळतं. एक चूक मात्र सगळीकडे होते. अंथरुणावरच्या माणसाला ओलांडून आपण त्याच्या मुलाशी बोलतो: ‘यांना संडासला झाली का?’ तो माणूस शुद्धीवर आहे, ऐकतो आहे. आधी त्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तरच घरच्यांकडे वळा.

पिशवी आणि पाणी

आपली पिशवी एका घरातून दुसऱ्या घरात जाते, म्हणून ती कुठं ठेवायची याला महत्त्व आहे. ती रुग्णाच्या अंथरुणावर, स्वयंपाकाच्या ओट्यावर, देवघराजवळ किंवा पाण्याच्या माठाशेजारी ठेवू नये. ‘पिशवी कुठं ठेवू?’ हे विचारावं. घरचे जागा दाखवतील, बहुधा पाट किंवा स्टूल देतील. त्यावर आधी आपलं कापड किंवा प्लास्टिकचा तुकडा अंथरायचा आणि मग पिशवी ठेवायची. पिशवीतून पहिल्यांदा फक्त साबण आणि पुसायचं फडकं काढायचं. हात धुऊन झाल्यावरच बाकीचं सामान काढायचं. काम संपलं की पुन्हा हात धुवायचे, सामान आत ठेवायचं आणि अंथरलेल्या कापडाची खालची, पाटाला लागलेली बाजू आत येईल अशी घडी घालायची. या घराचे जंतू पुढच्या घरी जाऊ नयेत म्हणून ही पद्धत आहे.

बरेच जण अंथरायला जुनं वर्तमानपत्र वापरतात. ते टाळलेलं बरं. मराठी पेपरात देवादिकांची, संतांची चित्रं असतात, उर्दू पेपरात अल्लाहचं नाव असतं. त्यावर रक्ताळलेला कापूस पडला की घरच्या माणसाच्या मनात जे येतं ते तो बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. कोरा कागद किंवा प्लास्टिक वापरा.

आता पाणी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली होती. त्या उन्हाळ्यात ज्यांनी हंडे घेऊन रांगा लावल्या, त्यांच्या घरी आपण हात धुवायला जातो. आजही कितीतरी वस्त्यांत नळाला रोज पाणी नसतं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी साठवून पुरवून वापरावं लागतं. अशा घरात नळ पूर्ण सोडून हात धुणं ही माजोरी ठरते. तांब्याभर पाण्यात काम होतं: थोडं ओतून हात ओले करायचे, पाणी थांबवायचं, चाळीस ते साठ सेकंद साबणानं चोळायचं आणि उरलेल्या पाण्यानं धुवायचं. आपला ओला हात साठवणीच्या भांड्यात घालू नका. घरातल्या कुणाला तरी वरून पाणी घालायला सांगा. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलच्या सॅनिटायझरनं वीस-तीस सेकंद चोळणंही पुरतं. हात मळलेले, रक्त किंवा लघवी लागलेले असतील तर मात्र साबण-पाणीच लागतं. उन्हाळ्यात गाडीवर पाण्याची एक बाटली हात धुण्यासाठी सोबत नेली तर फारच चांगलं.

सुया, सिरिंज, रक्त लागलेलं ड्रेसिंग त्या घरात सोडून येऊ नका. गावात कचरा उकिरड्यावर जातो आणि तिथं लेकरं, कोंबड्या, कुत्री असतात. सुईसाठी टोक बाहेर न येणारा घट्ट डबा ठेवा, ड्रेसिंग वेगळ्या बंद पिशवीत भरा आणि दोन्ही आपल्या केंद्रावर परत आणून द्या.

बाज हलवण्याआधी

घरात शिरल्या शिरल्या आपली नजर चुका शोधते. बाज दारात का आहे? खोलीत अंधार का? अंथरुणाशी एवढं सामान का? आधी कारण विचारा, मग बदल सुचवा.

औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली आणि गावंच्या गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या रात्रीतून वाचलेल्या आज्जीनं ‘मला पत्र्याखालीच झोपू द्या’ म्हटलं, तर त्याला हट्ट म्हणायचं नाही. आतली खोली कितीही स्वच्छ असली तरी तिथं तिला झोप लागणार नसेल, तर आपण पत्र्याखालीच सोय करायची. दुपारी पत्रा तापतो, म्हणून वर कडबा किंवा ओलं पोतं टाकायचं, बाज दिवसा सावलीच्या बाजूला सरकवायची. नांदेड-लातूरचा मे महिना चाळिशीच्या वर जातो, तेव्हा ही सोय औषधाइतकीच गरजेची असते.

बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते. हे सांगताना ते कोण करणार, हेही त्याच बोलण्यात ठरवा. बहुतेक घरांत हे काम सुनेवर, मुलीवर किंवा बायकोवर येतं. तिचा दिवस भल्या पहाटे सुरू झालेला असतो. भाकऱ्या, धुणं, जनावरं, शाळेला जाणारी लेकरं आणि आता ही शुश्रूषा. सासूसमोर तिला ‘तुम्ही नीट करत नाही’ असं म्हणू नका. तिला बाजूला विचारा: ‘तुम्ही झोपता कधी?’ मग घरातल्या पुरुषांना बोलावून रात्रीच्या पाळ्या वाटून द्या. कूस बदलणं मुलाला, नवऱ्याला, नातवालाही शिकवता येतं, आणि परिचारिकेनं सांगितलं की ते ऐकलं जातं. घराचा मान राखायचा म्हणजे घरात जिचं कष्टाचं मोल कुणी मोजत नाही, तिचाही मान राखायचा.

सामानही घरातलंच वापरा. वाकळेच्या जाड शिवणीनं पाठीला वळ उठत असतील तर ‘ही काढून टाका’ म्हणू नका, ती कुणीतरी हातानं शिवलेली असते. तिच्यावर धुतलेल्या सुती साडीची सुरकुत्या नसलेली घडी अंथरायला सांगा. खाली मेणकापड आणि वर ही साडी: काम होतं आणि खर्च वाचतो.

अंगाला हात लावताना

प्रत्येक वेळी आधी सांगा, मग हात लावा. ‘आता पाठ बघते’, ‘नळीची जागा पुसते’ असं बोलत राहा. लहान घरात आडोसा नसतो. दोरी बांधून साडी टाकली की पडदा होतो. बाकीच्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगणं हे आपलं काम, रुग्णाला ते सांगता येत नाही. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. बाईला पुरुष परिचारक किंवा पुरुषाला बाई परिचारिका चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

अंगावरच्या वस्तूंना विशेष जपा. लातूर भागात लिंगायत घरं पुष्कळ आहेत. गळ्यातलं इष्टलिंग न विचारता काढू नये. अंघोळ किंवा ड्रेसिंग करताना ते कुठं आणि कुणाच्या हाती द्यायचं ते रुग्णालाच विचारा. वारकऱ्याची तुळशीची माळ, शीख माणसाचं कडं आणि केस, सवाष्णीचा हिरवा चुडा आणि मंगळसूत्र, ताईत, गंडा या सगळ्यांना हाच नियम. हात सुजला आहे आणि बांगड्या रुतताहेत, असं झालं तर काढाव्याच लागतात. तरी कात्री आधी बाहेर काढू नका. कारण सांगा, साबणाचं पाणी लावून घरातल्या बाईला काढायला सांगा आणि काढलेला दागिना घरच्यांच्या हातात, दोघांसमोर द्या. जखमेच्या कडेचे केस काढायचे असतील तर शीख घरात ते टाळता येईल का ते डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि टाळता येत नसेल तर रुग्णाची परवानगी घ्या. घरात गुरू ग्रंथ साहिबची खोली असेल तर त्या बाजूनं जाताना डोकं झाकावं.

बाळंतिणीच्या खोलीत

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: त्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. २०११ पासून आशाताईंच्या ज्या भेटी देशभर सुरू झाल्या, त्यामागे हा अनुभव आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मधे पाचवी येते. त्या दिवशी घरात सटवाईची पूजा असते, पाहुणे असतात. तातडी नसेल तर पाचवीला जाऊ नका, किंवा गेलात तर पूजेची जागा सोडून उभ्या राहा. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी असतं, त्यामुळे शब्द चालतो तो बाळाच्या आजीचा. तिला शत्रू समजू नका. तिनं लेकरं वाढवली आहेत आणि रात्री बाळ रडलं की तीच उठणार आहे. बाळाचं वजन करायचं म्हटलं की दृष्ट लागेल म्हणून काही घरं बिचकतात. मग काटा लावताना बाळाला घरच्याच धुतलेल्या कपड्यात ठेवा, झोळीत ठेवायचं काम आजीच्या हातून करून घ्या, आकडा मोठ्यानं न उच्चारता आईला दाखवा. वजन होतं आणि आजीही आपल्या बाजूनं येते.

इथं एक भेद पक्का लक्षात ठेवा. ज्या रितीनं बाळाला धोका नाही, तिला हात लावू नका. कपाळाला किंवा तळपायाला तीट लावली तर लावू द्या. ओव्या-शेपांचा विडा, दारात टांगलेली लिंब-मिरची, मनगटातला काळा दोरा सैल असेल तर तोही, सगळं राहू द्या. धोका असेल तिथं मात्र स्पष्ट बोला. नाळेला राख, शेण, तेल काहीही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. डोळ्यांत काजळ नाही. पहिला चीक फेकायचा नाही, तो बाळाला पाजायचा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, पाणी काही नाही. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून दार-खिडकी लावली तर धुरानं आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. शेक हवाच असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा तापलं असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा झटके येत असतील, तर त्या क्षणी कुणाची मर्जी सांभाळत बसू नका. गाडी बोलवा आणि सोबत जा. लहानसहान रितींचा आपण मान राखलेला असेल, तर अशा वेळी आपलं ‘आत्ताच निघा’ घर ऐकतं.

सल्ला देताना

‘रोज अंडं, फळं, दूध द्या’ हे वाक्य कागदावर चांगलं दिसतं. माळकरी किंवा लिंगायत घरात अंडं शिजत नाही आणि मजुरी करणाऱ्या घरात सफरचंद येत नाही. आधी चुलीवर काय शिजतं ते विचारा. लातूर ही तुरीची, हरभऱ्याची, सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे. घट्ट वरण, उसळ, भिजवलेला हरभरा, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ घालून केलेली भाकरी ही प्रथिनं त्यांच्या घरातच आहेत. क्षयरोग्याला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला एक हजार रुपये मिळतात. ते खात्यात जमा होतात का, हे विचारणं फळांची यादी देण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. ‘फ्रिज नाही?’ या प्रश्नानं घर ओशाळतं. एक मोठं मातीचं मडकं, त्यात ओली वाळू, त्या वाळूत एक लहान मडकं, आणि त्यात घट्ट झाकणाच्या डबीत इन्सुलिन. वर ओलं फडकं झाकायचं, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि मडकं हवेशीर सावलीत ठेवायचं. वापरात असलेल्या बाटलीसाठी ही सोय गरीब घरातही जमते. रमजानमध्ये मधुमेही माणूस रोजा धरणार असेल तर ‘धरूच नका’ एवढं सांगून मोकळं होऊ नका. त्याला रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे न्या, धोका किती ते समजून घेऊ द्या, डोसाच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि साखर कमी झाल्याची लक्षणं घरच्यांना शिकवा.

घरातलं घरात

घरभेटीत आपल्याला खूप काही दिसतं: भांडणं, दारू, कर्ज, रिकामे डबे. रुग्णाच्या उपचाराशी ज्याचा संबंध आहे तेवढंच वहीत आणि तेवढंच डॉक्टरांशी. शेजारच्या घरी चहा पिताना यातलं काहीही तोंडातून निघता कामा नये. एचआयव्ही बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानंही रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. फोटोचंही तेच. भेट झाल्याचा पुरावा म्हणून फोटो लागत असेल तर कशासाठी लागतो आणि कुठं जाणार ते सांगा, विचारा, आणि रुग्णाचा चेहरा, उघडं अंग, जखम त्यात येणार नाही असं बघा. नको म्हटलं तर काढू नका. तो फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच टाकू नका. मात्र घरात मारहाण होत असेल, लेकराचा किंवा म्हाताऱ्या माणसाचा छळ होत असेल, तर गुपिताच्या नावाखाली गप्प बसणं चुकीचं. वरिष्ठांना लगेच सांगा आणि मदत मिळवून द्या.

चहा, जात आणि आपला मान

चहा नको म्हटलं की काही घरं दुखावतात, आणि प्रत्येक घरी चहा घेणं जमत नाही. ‘घोटभर पाणी द्या’ म्हणा. पाणी सगळ्यांकडे घ्या. एका वस्तीत पाणी प्यायचं आणि दुसऱ्या वस्तीत बाटली काढायची, हे गाव बघत असतं. पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर आपली बाटली सगळ्याच घरांत वापरा. पैसे, साडी, धान्याची पायली नम्रपणे परत करा.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून घडवल्या. त्यांत दलित बायकाही होत्या, आणि जातीचा उंबरा ओलांडणं त्यांच्या कामातच बसलेलं होतं. आजही एखाद्या घरात परिचारिकेची जात विचारली जाते, तिच्यासाठी वेगळा कप ठेवला जातो. घराचा मान राखणं म्हणजे हे सोसणं नव्हे. जात सांगू नका. ‘मी तुमच्या रुग्णाच्या कामाला आले आहे’ एवढं बोला, काम नीट करा आणि परतल्यावर लेखी कळवा. अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे आणि वरिष्ठांनी आपल्या कर्मचाऱ्याच्या मागे उभं राहिलंच पाहिजे.

सुरक्षिततेबाबतही तेच. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कामासाठी जिथं जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाण धरली जाते. म्हणजे रुग्णाचं घरही. कुणी वाईट बोललं, अंगचटीला आलं, दारूच्या नशेत दार लावलं, तर काम अर्धं टाकून बाहेर पडा. नवीन घरी जाताना कुठं जातोय ते सहकाऱ्याला कळवा आणि दाराकडे तोंड करून बसा.

शेवटच्या दिवसांत

बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला घरीच राहायचं असतं. केरळनं २००८ मध्ये परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) राज्य धोरण आणलं आणि तिथं पंचायतींच्या आधारानं परिचारिका अशा रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडेही हे काम वाढतं आहे. इथं आपण कमी बोलावं. वेदना किती, झोप लागते का, तोंड कोरडं पडतं का, हे बघावं. ओल्या कापसानं ओठ पुसायला घरच्यांना शिकवावं. भजन, पोथी, कुराणपठण, पाठ चालू असेल तर थांबावं.

माणूस गेल्यावर नळ्या काढू का, हे विचारा आणि लवकर काढा. लिंगायतांमध्ये देह बसवून समाधी देतात, मुस्लिम घरात गुस्ल (मृताची अंघोळ) लवकर करायचा असतो. तयारी करणाऱ्यांच्या वाटेत आपलं सामान येऊ नये. हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र परत न्यायची घाई त्याच दिवशी करू नका. दिवस झाल्यावर फोन करून जा, आणि गेल्यावर आधी बसा. जिनं महिनोन्‌महिने सेवा केली तिला ‘तुम्ही चांगलं केलंत’ हे सांगायला आपल्याशिवाय बहुधा कुणी नसतं.

वहीत एक पान घराचं

शेवटी एक करता येण्याजोगं काम. प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत औषधांच्या पानाआधी एक पान घराचं ठेवा. त्यात सहा गोष्टी लिहा: कोणती वेळ सोयीची, कोणती भाषा, कुणाला कोणत्या नावानं हाक मारायची, पिशवी आणि हात धुणं कुठं, अंगावरच्या किंवा घरातल्या कोणत्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि रात्री शुश्रूषा कोण करतं. शेरे मारू नका. ‘हट्टी’, ‘अडाणी’, ‘घाणेरडं घर’ असे शब्द त्या पानावर येता कामा नयेत. रुग्णानं किंवा त्याच्या सुनेनं ते पान उघडून वाचलं तर त्यांना बरंच वाटलं पाहिजे, असं लिहा.

आपली बदली होईल, रजा येईल, दुसरी कुणीतरी त्या घरी जाईल. हे पान तिच्या हाती असेल तर त्या घराला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार नाही, आणि आज्जीची बाज कुणी न विचारता आत ओढणार नाही. उद्याच्या पहिल्या भेटीपासून हे पान सुरू करा. महिनाअखेरच्या बैठकीत किती भेटी झाल्या हे विचारणाऱ्या वरिष्ठांनी यापुढे त्या पानांबद्दलही विचारावं.